पाळणा तुटला, तर जबाबदार कोण? पाळणेवाला, पार्क, जत्रा कमिटी की तिकीट काढणारे आपण?

गावाच्या जत्रेत लांबूनच दिसतो तो आकाशपाळणा. त्याच्या शेजारी ब्रेक डान्स, ड्रॅगन, टोराटोरा आणि लहान पोरांसाठी छोटी आगगाडी. तिकीट काढायचं, लोखंडी दांडी पुढे ओढायची आणि पुढची पाच मिनिटं जीव खाऊन ओरडायचं. शहरात हेच काम मोठी अम्युझमेंट पार्क करतात. तिकीट महाग असतं, रांगा मोठ्या असतात, पण बसताना आपण गृहीत धरतो ती गोष्ट दोन्हीकडे एकच असते : हे कुणीतरी तपासलेलं असणार.

कधी कधी ते तपासलेलं नसतं. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलाव परिसरात झोके घेणारी एक मोठी राइड हवेत असतानाच तुटली. दोघांचा मृत्यू झाला, पंचवीसहून जास्त जण जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या एका मेळ्यात उंच टॉवरवर चढलेला पाळणा माणसांसकट थेट जमिनीवर आदळला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका पार्कमध्ये रोलर कोस्टरवरून पडून २४ वर्षांच्या तरुणीचा जीव गेला.

अशा प्रत्येक घटनेनंतर तोच प्रश्न येतो. चूक कोणाची? पाळणेवाला यंत्राकडे बोट दाखवतो, पार्क ठेकेदाराकडे, ठेकेदार ऑपरेटरकडे. आणि बऱ्याचदा कुणीतरी म्हणतंच, "बसणाऱ्यानेच नीट धरलं नव्हतं."

थोडक्यात उत्तर असं : जबाबदार एकाहून जास्त असू शकतात. पण जखमी माणसाला उत्तर देण्याची पहिली जबाबदारी ज्याने तिकीट विकलं आणि राइड चालवली त्याची. बाकीच्यांचा वाटा किती, हा त्यांचा आपसातला हिशोब. हे कसं, ते एकेक करून पाहू.

सगळ्यात आधी ऑपरेटर का पकडला जातो?

अपघातानंतर पोलिसांच्या हाती पहिला लागतो तो बटण दाबणारा पोरगा. तो जागेवर असतो, लोकांनी त्याला पाहिलेलं असतं आणि पळून जायला त्याच्याकडे फारशी साधनं नसतात. त्याने लॉक न तपासता राइड सुरू केली असेल, तर त्याची चूक आहेच. पण प्रश्न तिथे संपत नाही.

ब्रिटनमधलं एक प्रकरण इथे उपयोगी पडतं. २ जून २०१५ रोजी अल्टन टॉवर्स या पार्कमधल्या 'स्मायलर' या रोलर कोस्टरवर भरलेला डबा रुळावर उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यावर आदळला. १६ जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. संगणकाने राइड थांबवली होती, पण रुळावर डबा अडकलाय हे इंजिनिअर लोकांच्या लक्षात आलं नाही. संगणकाचा इशारा चुकीचा आहे असं समजून त्यांनी तो बाजूला सारला आणि राइड सुरू केली. वरवर पाहता चूक त्यांचीच. तरी तपास यंत्रणेचा निष्कर्ष वेगळा होता. अशा वेळी काय करायचं याची नीट पद्धतच कंपनीने आखून दिली नव्हती, त्यामुळे दोष कंपनीचा. २०१६ मध्ये न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंड दंड केला.

भारतीय कायद्याचा विचारही याच दिशेने जातो. नोकराने काम करताना केलेल्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाला द्यावी लागते, हे आपल्याकडे जुनं तत्त्व आहे. त्यामुळे "ऑपरेटरची चूक होती, आम्ही त्याला कामावरून काढलं" असं सांगून मालकाची सुटका होत नाही. त्याला प्रशिक्षण कोणी दिलं, सलग किती तास उभं केलं, दोन राइड एकाच माणसाकडे का होत्या, हे प्रश्न मालकालाच विचारले जातात.

तिकीट काढलं म्हणजे आपण 'ग्राहक' झालो का?

हो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच करमणुकीचा समावेश आहे. पैसे घेऊन राइडवर बसवणं ही सेवा आणि ती सुरक्षित नसणं हा सेवेतला दोष.

पैसे बापाने भरले आणि जखमी मुलगी झाली, तरीही तक्रार करता येते. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही कायद्याच्या लेखी ग्राहकच असतो.

मग पुढचा अडथळा येतो तो पुराव्याचा. बोल्ट गंजला होता की वेल्डिंग सुटलं होतं, हे सामान्य माणसाने कसं सिद्ध करायचं? इथे न्यायालयं एक तत्त्व वापरतात : घटना स्वतःच बोलते. नीट देखभाल केलेला पाळणा आपोआप तुटत नाही. राइड पूर्णपणे चालवणाऱ्याच्या ताब्यात होती आणि तरी ती कोसळली, तर निष्काळजीपणा झाला असं मानायला जागा असते. आपण काळजी घेतली होती हे मग त्यालाच दाखवावं लागतं. देखभालीची वही, रोजच्या तपासणीची नोंद, सुटे भाग कधी बदलले याची बिलं, हे सगळं अशा वेळी महत्त्वाचं ठरतं.

पार्क एकाचं, राइड दुसऱ्याची, जागा तिसऱ्याची असेल तर?

आपल्याकडे बहुतेक वेळा असंच असतं. जत्रेत मैदान ग्रामपंचायतीचं किंवा देवस्थानचं, लिलावात जागा घेणारा ठेकेदार वेगळा आणि पाळणे त्याने बोलावलेल्या व्यावसायिकांचे. शहरात बाग महापालिकेची आणि राइड चालवणारी कंपनी खासगी. कांकरियातही परिसर महापालिकेचा आणि राइड खासगी कंपनीची होती.

एकाच अपघाताला अनेकांचा निष्काळजीपणा कारणीभूत असेल, तर जखमी माणसाला त्यांच्यापैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रस्ते अपघाताच्या एका प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केलं. कोणाचा वाटा ३० टक्के आणि कोणाचा ७०, हे ठरवत बसण्याचं ओझं जखमी माणसावर नाही. ज्याने पैसे दिले, त्याने नंतर इतरांकडून वसूल करावेत.

म्हणून तक्रार करताना राइडचा मालक, ठेकेदार, आयोजक आणि जागेचा मालक अशा सगळ्यांना त्यात घेतलं जातं. जागेच्या मालकावर किंवा आयोजकावर जबाबदारी येईल का, हे मात्र त्याच्या हातात किती नियंत्रण होतं यावर ठरतं. नुसती जागा भाड्याने दिली, की तिकिटाच्या पैशांत वाटा घेतला? फिटनेसचा दाखला मागितला का? गर्दी आवरायला माणसं कोणाची होती?

राइड बनवणाऱ्याचं काय?

काही वेळा चालवणाऱ्याने सगळं नीट केलेलं असतं, पण रचनेतच खोट असते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक, विक्रेता आणि त्या वस्तूची देखभाल करणारा यांच्याकडे भरपाई मागता येते.

अडचण अशी की जत्रेतले बरेच पाळणे जुने, एकाकडून दुसऱ्याने विकत घेतलेले आणि स्थानिक वर्कशॉपमध्ये दुरुस्त केलेले असतात. मूळ यंत्रात परस्पर बदल केले असतील, तर उत्पादक हात वर करू शकतो आणि कायदाही त्याला तो बचाव देतो. मग बोजा पुन्हा चालवणाऱ्यावरच येतो.

परवानगी देणारे अधिकारी सुटतात का?

महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर परवान्याचं बंधन आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली त्यासाठी नियम करता येतात आणि मेळे व तमाशांसह अशा करमणुकीसाठी १९६० चे नियम आहेत. त्याशिवाय यंत्राची तपासणी, वीजजोडणीची तपासणी आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला असे वेगवेगळ्या खात्यांचे कागद लागतात. राइडच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानकही आहे.

कागद इतक्या हातांतून जातो, मग अपघात झाल्यावर सही करणाऱ्याला भरपाई द्यावी लागते का? इथे 'उपहार' चित्रपटगृहाचं प्रकरण पाहावं लागतं. १३ जून १९९७ रोजी दिल्लीत या चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी चित्रपटगृहाच्या मालकावर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के टाकली. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका यांना भरपाईतून वगळलं. परवाना देताना हलगर्जी झाली, एवढ्यावरून त्यांना पैसे द्यायला लावता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

म्हणजे अधिकाऱ्यांकडून भरपाई मिळवणं अवघड आहे. पण फौजदारी कारवाईपासून त्यांना संरक्षण आहे असा याचा अर्थ नाही. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला लागलेल्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. त्या प्रकरणात चालकांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली आणि गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

'स्वतःच्या जबाबदारीवर बसावे' या पाटीला किती अर्थ आहे?

ही पाटी जवळपास प्रत्येक राइडपाशी असते. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तेच असतं : अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. मोठ्या पार्कमध्ये तर एखाद्या फॉर्मवर सहीच घेतात.

ती वाचून अनेक जण तक्रारीचा विचारच सोडून देतात. तसं करायची गरज नाही. कराराची अट सार्वजनिक धोरणाच्या विरोधात असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम २३ नुसार ती रद्दबातल ठरते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्याला वाटाघाटीची संधीच नाही अशा दुबळ्या बाजूवर लादलेली अन्याय्य अट न्यायालय मान्य करणार नाही. ते प्रकरण नोकरीच्या कराराचं होतं, पण तत्त्व इथेही लागू पडतं. तिकीट खिडकीवर उभं राहून "ही अट काढा, मग बसतो" असं कोणी म्हणू शकत नाही. २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' ही संकल्पनाही आली आहे.

मग पाटीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण मर्यादित. राइडमध्ये जो धोका उघड दिसतो, तो आपण स्वीकारलेला असतो. १९२९ मध्ये न्यूयॉर्कमधलं असं एक प्रकरण जगभर शिकवलं जातं. कोनी आयलंड इथल्या 'फ्लॉपर' नावाच्या सरकत्या पट्ट्यावर लोक धडपडायचे, आणि धडपडणं हीच त्यातली गंमत होती. एक तरुण पडला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी मोडली. न्यायालयाने भरपाई नाकारली, कारण पडण्याचा धोका त्याला डोळ्यांनी दिसत होता.

फरक इथेच आहे. चक्कर येणं, पोटात गोळा येणं, पाण्यात नाकातोंडात पाणी जाणं हे आपण पत्करलेलं असतं. पट्टा सुटणं, बोल्ट निघणं, ब्रेक न लागणं हे आपण पत्करलेलं नसतं. पाटी पहिल्या प्रकाराला लागू होऊ शकते, दुसऱ्याला नाही.

आपलीच चूक असेल तर?

दांडी उचलून उभं राहणं, सेल्फीसाठी बाहेर झुकणं, हृदयविकार लपवणं, दारू पिऊन बसणं अशा वेळी भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. पण चूक आपली असली तरी पुढचा प्रश्न उरतो : चालकाने अडवलं का? दारू प्यायलेला माणूस डोळ्यांसमोर असताना त्याला बसवलं, तर चालकही सुटत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मोजमाप आणखी वेगळं आहे. आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्या माणसाइतक्या समजुतीची अपेक्षा न्यायालय ठेवत नाही. उंचीची खूण असूनही कमी उंचीच्या मुलाला आत सोडलं, तर ती चूक सोडणाऱ्याची. "आई-बापांनीच हट्ट केला" हे कारण काही अंशीच चालतं.

शाळेची सहल असेल तर शाळाही जबाबदारीच्या साखळीत येते. १९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली असताना १४ मुलं बुडाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली. मुलं शिक्षकांच्या ताब्यात असताना त्यांची काळजी घेणं हे शाळेचं कर्तव्य आहे, हा त्यातला मुद्दा होता. पालकांकडून संमतिपत्र भरून घेतलं म्हणून ते कर्तव्य संपत नाही.

राइडवर काम करणारा जखमी झाला तर?

याची चर्चा फार कमी होते. मे २०१६ मध्ये चेन्नईजवळच्या एका पार्कमध्ये चाचणी सुरू असताना राइड कोसळली. त्यात एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, इतर काही जण जखमी झाले. ही माणसं ग्राहक नव्हती, कामगार होती.

कामगाराचा मार्ग वेगळा आहे. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ पासून चालत आलेलं तत्त्व असं की कामावर असताना इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करायची गरज नसते. राज्य विमा योजनेत नाव असेल तर लाभ तिथून मिळतात. जत्रेबरोबर गावोगाव फिरणाऱ्या पोरांची मात्र हजेरीपटावर नोंदच नसते. अशा वेळी मजुरीचे यूपीआय व्यवहार, फोटो आणि सोबत्यांचे जबाब हाच पुरावा ठरतो.

भरपाई कुठे मागायची?

एसटीचा अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण असतं. रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. पाळण्यासाठी असं खास न्यायाधिकरण नाही, आणि देशभर लागू असलेला सक्तीचा विमाही नाही. त्यामुळे खालचे मार्ग माहीत असावे लागतात.

पहिला, पोलीस तक्रार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या कायद्यात ही मर्यादा दोन वर्षं होती. इजा झाली तर कलम १२५ आणि यंत्राबाबतच्या हलगर्जीसाठी कलम २८९ आहे. पण खटल्याचा मुख्य हेतू शिक्षा हा असतो. भरपाईसाठी केवळ त्यावर अवलंबून राहू नये.

दुसरा, ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते, हे महत्त्वाचं आहे. सांगलीच्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यातल्या पार्कसाठी तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. कोणत्या आयोगात जायचं हे भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. तिकीट ५०० रुपयांचं आणि मागणी ३० लाखांची असली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच होते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तिसरा, दिवाणी दावा. पुरावे गुंतागुंतीचे असतील तर आयोगही कधी कधी दिवाणी न्यायालयात जायला सांगतो. मृत्यू झाला असेल तर प्राणघातक अपघात कायदा, १८५५ नुसार पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांसाठी दावा करता येतो. तोही दोन वर्षांच्या आत.

पोलीस तक्रार बाकीच्या मार्गांना अडवत नाही. पोलिसांत गुन्हा दाखल असताना ग्राहक आयोगात जाता येतं.

पहिल्या दिवशी काय करायचं?

मोठं पार्क जागेवर राहतं. जत्रेतला पाळणा राहत नाही. चार दिवसांत तो सुटा होऊन ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावाला लागतो. तुटलेला भाग भंगारात जातो आणि पुरावाही त्याच्याबरोबर संपतो. म्हणून :

- आधी दवाखाना. अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, पोलिसांची कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. केसपेपरवर 'पाळण्यावरून पडून' अशी नोंद होईल हे पाहा, नुसतं 'पडून' नको.
- राइडचे, तुटलेल्या भागाचे, सीटबेल्टचे, पाटीचे आणि मालकाच्या नावाच्या फलकाचे फोटो व व्हिडिओ घ्या.
- तिकीट, यूपीआय पावती, मनगटावरचा पट्टा जपून ठेवा.
- सोबत बसलेल्या दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या.
- पोलिसांना पंचनामा करायला आणि तुटलेला भाग जप्त करायला लेखी सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते.
- "दवाखान्याचा खर्च देतो, इथे सही करा" असं कोणी म्हटलं, तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. 'आता कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य त्यात बहुतेक वेळा असतं.
- नंतर माहिती अधिकारात परवाना, फिटनेसचा दाखला आणि विम्याची प्रत मागवा. कागद मिळाला तर जबाबदार माणसाचं नाव मिळतं. कागदच नसेल, तर तोही तुमच्या बाजूचा पुरावा.

बसण्याआधीही दोन गोष्टी करता येतात. दांडीचं लॉक स्वतः ओढून पाहा आणि ते सैल वाटलं तर उतरून पैसे परत मागा. आणि आपल्या गावच्या जत्रा कमिटीत ओळखीचं कोणी असेल, तर पाळणे उभे राहायच्या आधीच विचारा : तपासणीचा दाखला आलाय का, आणि विमा कोणाच्या नावावर आहे?